कोथिंबिरीचा वास आणि आमचा तराजू

अलीकडे समाराधनेच्या पंक्तीत शेजारी बसलेली चार माणसे बोलू लागली, की एक गाऱ्हाणे हमखास ऐकावयास मिळते. कोथिंबिरीला वास उरला नाही, कढीलिंबाची फोडणी ओसरीपर्यंत पोहोचत नाही, पुदिना म्हणजे नुसता हिरवा पाला झाला आहे, आणि देवापुढच्या तुळशीचे पान चुरडले तरी बोटाला काही लागत नाही. गाऱ्हाणे खरे आहे. खोटे आहे ते त्याच्या पाठोपाठ येणारे निदान. कोणी कलियुगाला दोष देतो, कोणी परदेशी बियाण्याला, कोणी रासायनिक खताला. आणि मग 'गावठी' अशी पाटी लावलेली जुडी दुप्पट दराने विकत घेऊन मंडळी कृतार्थ मुद्रेने घरी जातात. या निदानाविरुद्ध आणि या स्वस्तात मिळालेल्या समाधानाविरुद्ध आम्हांला येथे थोडे स्पष्ट लिहावयाचे आहे. देवाच्या नैवेद्यात आपण काय ठेवतो आणि ते पिकविणाऱ्याला आपण नेमके कशाचे पैसे मोजतो, असे दोन्ही प्रश्न यात गुंतलेले आहेत.

आधी वास म्हणजे काय ते पाहू. पानात किंवा फळात एक उडून जाणारे तेल असते; ते हवेत मिसळले की आपण त्याला सुगंध म्हणतो. हे तेल झाड वाटेल तेथे ठेवीत नाही. तुळस, पुदिना, मरवा, ओव्याचे पान या एका कुळातल्या वनस्पती पानाच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म ग्रंथी धारण करतात आणि तेल त्या ग्रंथींच्या पातळ पापुद्र्याखाली साठविलेले असते. म्हणूनच नुसता हात फिरविला तरी वास येतो. कढीलिंब आणि आपले तेफळ ही लिंबाच्या कुळातली. त्यांची तेलाची घरे आत असतात. कढीलिंबाचे पान सूर्यासमोर धरले तर ती घरे पारदर्शक ठिपक्यांच्या रूपाने डोळ्यांना दिसतात. धने, जिरे, ओवा, बडीशेप, शेपू यांच्या फळांत तेलाच्या लांबट नळ्या असतात. म्हणून ते भरडावे लागतात. आणि एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी. झाड हे तेल आपल्या फोडणीसाठी करीत नाही. किडीला दूर ठेवणे, चरणाऱ्या जनावराला नकोसे होणे, उन्हाच्या माऱ्यात तगून राहणे, अशा स्वतःच्या कामांसाठी ते केलेले असते. ज्या झाडाला यांपैकी कशाचीच चिंता नाही, त्याने तेलावर आपली शक्ती का खर्च करावी?

या दृष्टीने पाहिले, की पहिला आरोपी सापडतो; तो म्हणजे सावली. सब्जा ही आपल्या तुळशीची सख्खी बहीण. तिच्यावर पाश्चात्य देशांत पुष्कळ प्रयोग झाले आहेत, कारण तेथील स्वयंपाकात तिची पाने लागतात. गडद सावलीत वाढविलेल्या रोपांत तेलाचे प्रमाण घटते, हे त्या प्रयोगांतून वारंवार दिसून आले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात याहून सूक्ष्म गोष्ट पुढे आली. सूर्यप्रकाशातील जो अतिनील किरणांचा अंश काच अडविते, तो काचघरातील रोपांना कृत्रिम दिव्यांनी पुरविला असता त्यांच्यातील तेल ठळकपणे वाढले. पुढे २००२ साली असे दाखविण्यात आले, की हे किरण नसतील तर पानावरील ग्रंथी असतात, पण त्या तेलाने नीट भरत नाहीत. म्हणजे घर बांधलेले आहे, उंबरठाही आहे, आणि आत माणूस नाही.

आता आपल्या देवळांच्या अंगणात येऊ. गेल्या काही वर्षांत जीर्णोद्धाराच्या नावाखाली अंगणाला फरशी आणि त्यावर पत्र्याचे अथवा प्लॅस्टिकच्या तावाचे छप्पर घालण्याची जी लाट आली आहे, तिने भाविकांचे पाय भाजावयाचे थांबले, हे कबूल. परंतु आमच्या पाहण्यातील एका देवस्थानात या छपराखाली वृंदावनही आले. ते उघड्या आकाशाखाली असावे, हा संकेत ज्यांनी घातला त्यांना अतिनील किरण ठाऊक नव्हते. तुळशीला ऊन लागते एवढे मात्र पक्के ठाऊक होते. आता तेथील तुळस उंच, लुसलुशीत, फिकट आणि निर्गंध झाली आहे, आणि तिच्याभोवती संगमरवर चढविण्यासाठी वर्गणी मात्र उत्साहाने गोळा होते. त्या वर्गणीपैकी थोडा भाग छपरातला चौरस उघडा करण्याकडे वळवावा, अशी सूचना एका सभासदाने केली, तेव्हा तिला हसण्यावारी नेण्यात आले. तुळशीला कोणी विचारले नाही.

दुसरा आरोपी पाणी. येथे आम्ही वाचकांना दूरवर, उत्तर प्रदेशात, बाराबंकीच्या परिसरात घेऊन जाऊ इच्छितो. तेथे मेंथॉलच्या पुदिन्याची शेती फार मोठ्या प्रमाणावर होते. १९५९ साली आरंभ झालेल्या आणि आज केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्था या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लखनौच्या संस्थेने काढलेल्या वाणांचा तिच्या वाढीत मोठा वाटा आहे. हा शेतकरी पाला विकीत नाही. गावातच भट्टी लावून तो तेल काढतो आणि तेलाच्या किलोवर पैसे घेतो. म्हणून कापणीपूर्वी काही दिवस तो पाणी तोडतो. आभाळ भरून आले असेल तर कापणी पुढे ढकलतो आणि स्वच्छ उन्हाचे दिवस पाहून कापतो. कापलेला पाला भट्टीत भरण्यापूर्वी थोडा सुकू देतो. त्याला रसायनशास्त्राचे व्याख्यान कोणी दिले असो वा नसो, त्याचा नफा त्याला रोज व्याख्यान देतो.

याच्या शेजारी आपला कोथिंबिरीचा मळेवाला उभा करून पाहा. तो जुडीवर विकतो, आणि जुडी पाहिली जाते ती आकाराने, वजनाने व हिरवेपणाने. त्याने पाणी तोडले तर पाने लहान राहतील, कडा किंचित लालसर होतील, जुडी हलकी भरेल आणि बाजारात ती शेवटपर्यंत पडून राहील. तेव्हा तो कापणीच्या आदल्या संध्याकाळीसुद्धा पाणी देतो, कापल्यावर पुन्हा शिंपडतो, आणि ओली जुडी रात्रीच्या गाडीने रवाना करतो. बेळगावकडून गोव्यात उतरणारी भाजी अशी रातोरात घाट उतरून येते. त्या शेतकऱ्याला आम्ही दोष देणार नाही. ज्याचे पैसे मिळतात ते तो पिकवितो, आणि आपण पैसे देतो ते पाण्याचे.

येथे एक बारकावा सांगितला पाहिजे, नाही तर आमचे म्हणणे एकांगी ठरेल. पाण्याची ओढ दिली म्हणजे तेल वाढते, असे सरसकट विधान चुकीचे आहे. सब्जासारख्या वनस्पतींत मध्यम ताणाने पानातील तेलाचे प्रमाण वाढलेले आढळते. परंतु पाने कमी आणि लहान येत असल्यामुळे एका वाफ्यातून मिळणारे एकूण तेल वाढेलच असे नाही, ते घटूही शकते. ताण तीव्र झाला तर झाडच खुरटते. म्हणजे वास तीव्र हवा असेल तर माल कमी येणार, हा हिशेब अटळ आहे. तो कोणी सोसावयाचा, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याकडे आम्ही शेवटी येऊ.

आता खताकडे वळू, कारण 'गावठी' पंथाच्या मंडळींचा सारा भर तेथेच असतो. त्यांच्या मते युरियाने वास मारला आणि शेणखताने तो परत येईल. नत्राचा अतिरेक झाला म्हणजे पीक भसाभस वाढते, पाने पातळ व पाणीदार होतात आणि त्यांत तेल विरळ पडते, हे पुष्कळ पिकांत खरे आहे. परंतु मुळाला नत्र मिळते ते शेवटी नायट्रेट किंवा अमोनियम याच रूपात, मग ते पोत्यातून आलेले असो की गोठ्यातून. ओल्या शेणाचा आणि गोमूत्राचा मारा करून, दिवसाआड पाणी देऊन, नारळीच्या गर्द सावलीत वाढविलेली कोथिंबीर शंभर टक्के सेंद्रिय असेल आणि तरीही तिला गवताइतकाच वास असेल. शेणखताचे गुण अनेक आहेत. जमिनीचा पोत, ओल धरून ठेवण्याची शक्ती, गांडुळे, हे सारे त्याने सुधारते. परंतु सुगंधाचा ताम्रपट गाईने कोणाला लिहून दिलेला नाही. उलट पुदिन्यासारख्या पिकात नत्र दिल्याने पाला वाढतो आणि त्यामुळे एकूण तेलही वाढते, म्हणून भट्टीवाला शेतकरी ते मोजून देतो. प्रश्न प्रमाणाचा आणि वेळेचा आहे. पोत्यावरील अक्षरांचा नाही.

बियाण्याविषयी तर याहून मोठा गैरसमज आहे. परदेशी बियाण्याने वास घालविला असे म्हणणाऱ्यांनी धन्याचे उदाहरण पाहावे. आपल्या देशातील परंपरागत धने मोठे, लांबट आणि देखणे असतात; रशिया व पूर्व युरोपातील धने बारीक, गोल आणि दिसावयास दरिद्री. तेल मात्र त्या बारीक धन्यांत आपल्या धन्यांच्या कितीतरी पट असते, आणि म्हणूनच तेल काढणारे कारखाने पूर्वीपासून त्यांच्याकडे वळले. आपण आपल्या धन्यांची निवड पिढ्यान् पिढ्या आकारावर आणि पानाच्या भरघोसपणावर करीत आलो. मध्य प्रदेशातील गुणे जिल्ह्यात, म्हणजे जुन्या ग्वाल्हेर संस्थानच्या मुलखात, आणि शेजारच्या हाडौतीत रामगंज मंडीत धन्याची प्रचंड उलाढाल होते. ग्वाल्हेर व इंदूरच्या आपल्या वाचकांना हे सांगावयास नको. तेथे मालाच्या प्रती लावल्या जातात त्या बदामी, ईगल, स्कूटर, पॅरट अशा नावांनी, आणि पोपटाचे नाव मिळाले ते रंगावरून. जितका हिरवा तितका महाग. नळीतल्या तेलाला या नामावळीत जागा नाही.

तथापि बीज महत्त्वाचेच नाही, असाही आमचा दावा नाही. दक्षिण फ्रान्समध्ये मोंपेल्येजवळ एक लहानशी दरी आहे. तेथे डोंगरउतारावर थाइम नावाची ओव्याच्या वासाची रानवनस्पती उगवते. दरीच्या तळाशी, जेथे हिवाळ्यात कडाक्याची थंडी साचते, तेथील झुडपांना एक वास. वरच्या कोरड्या, खडकाळ, उबदार उतारावरच्या झुडपांना दुसरा, अधिक झणझणीत. पाहणाऱ्याला वाटावे, की ही मातीची किमया. संशोधकांनी दाखविले, की हा भेद वंशातच आहे. पण कोणता वंश कोठे टिकावयाचा हे हवामान ठरवीत होते. १९७०च्या दशकात केलेली पाहणी पुढे पुन्हा करण्यात आली आणि २०१३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हिवाळे सौम्य होत गेल्यामुळे वरची झणझणीत जात दरीत उतरू लागली होती. उलट बाजूचे उदाहरण पेपरमिंटचे. हा पुदिना बियांपासून होत नाही, त्याची सर्व रोपे कांड्यांपासूनच लावलेली, म्हणजे बीजभेदाला तेथे वावच नाही. १९६७ साली बरबॉट आणि लूमिस या दोघा अमेरिकी शास्त्रज्ञांनी दाखविले, की लांब दिवस आणि थंड रात्री मिळाल्या तर त्याच रोपाचे तेल एका प्रकारचे होते, आणि दिवस आखूड व रात्री उबदार असल्या तर त्यात पुलेगोन आणि मेंथोफ्युरान ही उग्र, नकोशी द्रव्ये वाढतात. बी आणि भूमी यांचे भांडण लावून देणाऱ्यांना ही दोन उदाहरणे एकत्र ठेवून मग बोलावयास सांगावे.

हंगामाचा मुद्दा आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित आहे. आम्हांला आज बारा महिने कोथिंबीर हवी असते. कोथिंबीर हे थंडीचे पीक. कोकणच्या भर पावसात, आभाळ आठ-आठ दिवस उघडत नाही अशा वेळी, ती कशीबशी जगवावी लागते. त्याच दिवसांत परसात हळदीचे पान फोफावलेले असते. हळदीला थोडी सावली चालते, पाऊस मानवतो, आणि तिच्या पानातले तेल पातोळ्यांच्या वाफेबरोबर सारे घर भरून टाकते. श्रावणाच्या नैवेद्याला हळदीचे पान लागते, हा योगायोग असेल. आम्हांला तो योगायोग वाटत नाही. तीच गोष्ट तेफळाची. काटेरी बुंध्याचे हे रानटी झाड, कोणी त्याला पाणी घालीत नाही, कोणी खत देत नाही. पावसाळ्याच्या उत्तरार्धात घोस उतरवावेत, वाळवून काळे बी टाकून द्यावे आणि साल तेवढी ठेवावी. त्या सालीवाचून खतखतें हे खतखतें होत नाही, हे कोणत्याही देवळाच्या आचाऱ्याला विचारा. परंतु ती झाडे तोडून तेथे वाहनतळ करण्यात आले, आणि आता वर्षभर पडून राहिलेली, वास उडालेली तेफळे दुकानातून येतात. मग मुठीने टाकली तरी त्यांचा उपयोग होत नाही. आणि दोष जातो आचाऱ्याच्या हाताला.

पानाचे वयही पाहावे लागते. २००० साली पेपरमिंटवर झालेल्या संशोधनात असे आढळले, की पानात तेल तयार होण्याचे काम साधारणतः बाराव्या ते विसाव्या दिवसांच्या दरम्यान चालते. पुढे ते पान कितीही मोठे झाले तरी नवी भर फारशी पडत नाही. म्हणून मोठे पान ते चांगले पान, ही आमची समजूत त्या झाडाला मान्य नाही. कोथिंबिरीचे तर वयाबरोबर सोंगच बदलते. हिरव्या पानाचा आणि कोवळ्या फळाचा वास अल्डिहाइड वर्गातील द्रव्यांचा असतो. फळ पिकू लागले की ती ओसरतात आणि लिनालूल हे गोड वासाचे द्रव्य वाढत जाते. अर्धकच्चे धने हिरव्या रंगासाठी उतरविणारा व्यापारी कोणता वास विकतो आहे, ते यावरून समजावे. बडीशेपेत मात्र कोवळेपण गुण ठरते. मुखवासासाठी ती मुद्दाम लवकर काढून सावलीत वाळवितात. ज्याचे त्याचे शास्त्र निराळे असते, आणि एकच नियम सर्वांना लावणारा माणूस स्वयंपाकातही फसतो.

कापणीनंतरच्या हानीविषयी थोडक्यात सांगतो. कडक उन्हात किंवा भट्टीच्या धगीत वाळविलेला पाला रंगाबरोबर तेलही गमावतो. गिरणीच्या पात्यांत मसाला हाताला चटका बसेल इतका तापतो, आणि दुकानाबाहेर जो घमघमाट सुटतो तो आपल्या डब्यातून वजा झालेला असतो. अजमेर येथे २००० साली स्थापन झालेल्या बीजमसाल्यांच्या राष्ट्रीय संशोधन केंद्राने अतिशीत तापमानात मसाला दळण्याच्या पद्धतीवर काम केले आहे, ते याच कारणासाठी. देवळाच्या कोठीत ते यंत्र येणार नाही हे उघड आहे. पण उखळ आहे, आणि ते कोपऱ्यात उलटे पडलेले आहे.

यावर एक आक्षेप हटकून येईल, की हे सारे श्रीमंतांचे चोचले आहेत; शेतकऱ्याने पाणी तोडून, खत आवरून, कमी माल काढावयाचा आणि उपाशी राहावयाचे काय? हा आक्षेप योग्य माणसाच्या वतीने केलेला आहे, परंतु तो चुकीच्या दारात उभा राहून केलेला आहे. बाराबंकीचा शेतकरी पाणी तोडून उपाशी राहत नाही, कारण त्याच्या मालाचे मोल तेलावर होते. आपला मळेवाला तसे करून बुडेल, कारण आपण त्याला जुडीवर मोजतो. एकटी गृहिणी बाजार बदलू शकत नाही, हेही आम्हांला मान्य. परंतु देवस्थाने ही एकटी गृहिणी नव्हेत. उत्सवाच्या आठवड्यात शेकडो पाने उठविणारे देवस्थान हे आपल्या पंचक्रोशीतले भाजीपाल्याचे मोठे गिऱ्हाईक असते. त्याच्या निविदेत कोथिंबीर 'हिरवीगार व ताजी, मोठ्या जुड्यांत' अशी मागितलेली असते, आणि सर्वांत कमी दराची निविदा मंजूर होते. अशा कागदाने सर्वांत पाणीदार माल आपण होऊन बोलाविला जातो.

त्याऐवजी गावातीलच दोन-तीन शेतकऱ्यांशी हंगामाचा करार करता येईल. मोल जुडीवर न ठरविता वाफ्यावर ठरवावे, म्हणजे कमी वजनाचा तोटा देवस्थान सोसेल. उघड्या उन्हातला वाफा, कापणीपूर्वी काही दिवस पाणी बंद, सकाळी दव उडाल्यावर कापणी आणि त्याच दिवशी पोच, या चार अटी लिहून घ्याव्यात. पावसाळ्यात कोथिंबीर मागूच नये. माल आल्यावर पाने चुरडून पाहण्याचा आणि परत पाठविण्याचा अधिकार आचाऱ्याला असावा. आज तो कोठीवाल्याकडे असतो, आणि त्याच्या हाती काटा असतो. खर्च थोडा वाढेल. तो संगमरवराच्या वर्गणीतून भागू शकेल, असा आमचा अंदाज आहे. वार्षिक सभेची विषयपत्रिका निघण्यापूर्वी महाजनांनी ही सूचना लेखी द्यावी. तोंडी सूचना इतिवृत्तात येत नाहीत.